मनगटातली आयती नळी

"कशाला परत टोचायचं म्हातारीला? हितनंच घेतो की. नळी आयती हाय."

सांगलीच्या रुग्णालयात कॅथलॅबच्या अर्ध्या उघड्या दारातून पवार ब्रदरांचा आवाज आला. मी बाहेरच्या बाकावर मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसले होते. आत कवठे महांकाळच्या एक आजी अँजिओग्राफीच्या टेबलावर होत्या. आमच्या संशोधनासाठीचं रक्त त्यांच्या मोकळ्या हाताच्या शिरेतून घ्यायचं होतं, पण शीर सापडत नव्हती. दोनदा सुई घालून झाली होती आणि आजी रडकुंडीला आल्या होत्या. तोवर डॉक्टरांनी दुसऱ्या मनगटात अँजिओग्राफीची नळी बसवलीही होती. ब्रदर ते वाक्य बोलले, आजींचं कण्हणं थांबलं आणि दोन मिनिटांत जांभळ्या टोपणाच्या दोन ट्यूब माझ्या हातात आल्या. अजून कोमट होत्या.

मला बरंच वाटलं. आजींचा त्रास वाचला, माझाही वेळ वाचला.

माझ्याकडच्या फॉर्मवर 'रक्त कुठून घेतलं' असा एक रकाना असतो. त्यात मी 'हाताची शीर' असं आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. त्या दिवशीच्या सगळ्याच फॉर्मवर. सकाळी घाई होते म्हणून. मी ते खोडलं नाही.

मी साताऱ्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. शाळा इंग्रजी माध्यमाची, पुढचं शिक्षणही इंग्रजीतच, त्यामुळे माझं मराठी जरा पुस्तकी आहे. पहिल्याच महिन्यात एका रुग्णाला मी विचारलं होतं, "आपण उपाशीपोटी आहात ना?" ते म्हणाले, "मी हाय. तुमी बी उपाशी हाय व्हय?" सगळा वॉर्ड हसला. त्यानंतर मी कमी बोलायला लागले. आधीही फार बोलत नव्हते, पण आता कारण मिळालं.

काम काय, ते सांगते. आपल्या पेशींमध्ये मायक्रोआरएनए नावाचे अगदी छोटे रेणू असतात. कुठलं प्रथिन किती बनवायचं, यावर ते लगाम ठेवतात. त्यातले काही पेशींबाहेर पडून रक्तात फिरत राहतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदायला लागल्या की रक्तातलं त्यांचं प्रमाण बदलतं, असं जगभरचे संशोधक सांगतात. कुणाला एक रेणू वाढलेला दिसतो, कुणाला तोच कमी झालेला. आमच्या सरांना हे आपल्या सातारा-सांगलीच्या माणसांत तपासायचं होतं. जमलं तर पुढेमागे एका ट्यूबभर रक्तावरून धोका आधी ओळखता येईल, ही आशा.

त्यासाठी दोन प्रकारची माणसं लागतात. सांगलीच्या रुग्णालयात अँजिओग्राफीला आलेले रुग्ण, आणि त्याच वयाची, तक्रार नसलेली, निरोगी माणसं. रक्त घेतलं की ते तासा-दोन तासांत यंत्रात गरगर फिरवायचं. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. ते अलगद काढायचं आणि गोठवायचं. सांगलीहून साताऱ्याला ते नायट्रोजनच्या भांड्यात यायचं. ॲल्युमिनियमचं, बुटकं, लांब मानेचं भांडं. गावाकडे सगळ्यांना ते ओळखू येतं, कारण जनावरांचे डॉक्टर वळूचं वीर्य याच भांड्यातून घेऊन हिंडतात.

उंब्रजला आम्ही चहाला थांबायचो. एकदा एका गृहस्थांनी गाडीत डोकावून विचारलं, "मॅडम, खिलार हाय का जर्सी?"

आमचे ड्रायव्हर बशी खाली ठेवत शांतपणे म्हणाले, "माणसाचं हाय."

ते गृहस्थ दोन पावलं मागे सरले. 'रक्त' एवढा एक शब्द त्यात घालायला हवा होता. तो माझ्या तोंडून निघालाच नाही. गाडी साताऱ्याजवळ आली तरी माझे कान गरम होते.

निरोगी माणसांचं एक शिबिर आम्ही रहिमतपूरला घेतलं. तिथे बशीरचाचा भेटले. लोखंडी गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवण्याचं त्यांचं वर्कशॉप आहे. पंचावन्नच्या आसपास वय, दंडावर ठिणग्यांचे जुने डाग, ईसीजी स्वच्छ.

"बेटा, सुई वाकंल हां," हात पुढे करत ते म्हणाले. "तीस वर्षं लोखंड कापतोय."

सुई वाकली नाही. त्यांनी ट्यूब उजेडात धरून बघितली. "एवढ्याशा रक्तात काळीज दिसतं?"

"तसा प्रयत्न आहे."

"दिसलं तर आमच्या बेगमला दाखवा. तिला वाटतं, मला काळीजच न्हाई."

मागे त्यांची मुलगी रुबिना उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, मॅडमना काम करू द्या." मला वाटतं त्या शिबिरात मी मोकळेपणाने हसले ती तेवढी एकच वेळ.

हे रेणू इतके थोडे असतात की यंत्राला दिसावेत म्हणून आधी त्यांच्या प्रती काढाव्या लागतात. एक एन्झाइम छापखान्यासारखं काम करतं. जितक्या लवकर पुरेशा प्रती तयार होतात, तितका मूळ रेणू जास्त होता असं मानायचं. आपल्या कामात कुठे गळती झाली का हे कळावं म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक ट्यूबमध्ये बाहेरचा एक रेणू मोजून घालतात. मातीत राहणारा, नीट डोळ्यांनाही न दिसणारा एक किडा आहे, त्याचा. तो माणसात नसतो. सगळ्यांत सारखाच घातलेला, म्हणून शेवटी सगळ्यांत सारखाच दिसायला हवा.

आमचे पहिले आकडे आले. आम्ही निवडलेला एक रेणू रहिमतपूरच्या निरोगी माणसांत भरपूर होता, सांगलीच्या बहुतेक रुग्णांत अगदी कमी. कागदावर दोन ढीग वेगळे पडले होते, मधे मोकळी जागा. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. सर स्वतः हृदयरोगतज्ज्ञ आहेत. आवाज मोठा, पण कुणाला टाकून बोलत नाहीत. माझ्या गप्प राहण्यात त्यांचा काही दोष नाही, हे इथेच लिहून ठेवते.

"अनघा, बघ हे. बघ!"

"छान आहे, सर."

मी बघत होते दुसऱ्या रकान्याकडे. किड्याचा रेणूही सांगलीच्या ट्यूबांमध्ये कमी होता.

आता विचार करा. तो रेणू मी माझ्या हाताने घातला होता. माणसाचं हृदय बिघडलं म्हणून किड्याचा रेणू कसा कमी होईल? हा प्रश्न तेव्हाच मोठ्याने विचारायला हवा होता. पण मला वाटलं, माझाच हात वाईट. सांगलीच्या ट्यूब मी प्रवासाहून दमून आल्यावर करायचे, तेव्हा माप चुकत असणार. पहिला अंदाज म्हणून सरांनी कच्चेच आकडे मांडले होते, किड्याचा रकाना त्यांच्या आलेखात नव्हता. मी तो दाखवला नाही. रंगीत पाणी घेऊन मापाचा सराव करत बसले. रोज, डबा खाऊन झाल्यावर. असे चार महिने गेले.

मग शिबिराला सहा महिने झाल्यावर करायच्या चौकशीसाठी मी पुन्हा रहिमतपूरला गेले. तो शुक्रवार होता. चाचा वर्कशॉपमध्ये एका भल्यामोठ्या गेटापाशी बसले होते. आजूबाजूला तीन-चार गिऱ्हाइकं. मी फॉर्म काढून ठरलेले प्रश्न विचारले. छातीत दुखतं का? नाही. दम लागतो का? थोडा. दुसरं काही?

"जबडा धरतो बघा. वजन उचललं की धरतो, बसलं की जातो. दातवाल्यानं सगळे दात ठोकून बघितले. काय न्हाई म्हणला. मग आमच्या डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी साताऱ्याला पट्ट्यावर पळायच्या टेस्टला पाठवलंय."

मी लिहिलं, 'जबडा, श्रमाने.'

"पर आता तुमीच सांगा," चाचा पुढे झुकले. "माझं रक्त बघितलंय न्हवं तुमी? चांगल्यात हाय का वाईटात?"

सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. एका एका माणसाला आकडा सांगायचा नाही, असा नियम आहे. 'आत्ताच सांगता येणार नाही', एवढंच म्हणायचं होतं. पाठ होतं मला ते. पण इतके चेहरे समोर होते.

मी मान हलवली.

रक्त बघितलंय, एवढ्यापुरतीच ती मान होती, असं मी पुढे स्वतःला समजावलं. पण चाचांचा चेहरा खुलला होता. "बघा, काय म्हणत होतो?" ते गिऱ्हाइकांना म्हणाले. मी तो चेहरा पाहिला आणि फॉर्म पिशवीत घातला.

सोमवारी मी सगळं पुन्हा केलं. या वेळी रहिमतपूरच्या आणि सांगलीच्या ट्यूब एकत्र, एकाच सकाळी, एकाच हाताने. रहिमतपूरला किडा जागेवर. सांगलीला खाली. म्हणजे हात वाईट नव्हता. मी फॉर्म तारखेप्रमाणे लावले, आणि तेव्हा दिसलं की अगदी सुरुवातीच्या सांगलीच्या ट्यूबांमध्येही किडा जागेवर होता. कवठे महांकाळच्या आजींपासून पुढे तो खाली गेला होता.

नळी आयती हाय.

मी पवार ब्रदरांना फोन लावला. एरवी मी फोन टाळते, मेसेज करते.

"ब्रदर, आमचं रक्त तुम्ही हल्ली मनगटातल्या नळीतून घेता का?"

"व्हय की. त्या आजीपास्नं. लोकं दुवा देत्यात मॅडम, दुसरी सुई न्हाई म्हणून."

"तोवर हेपरिन दिलेलं असतं?"

"नळी बसली की लगीच. रक्त गोठाय नको म्हणून. का वो?"

मी समोरचे फॉर्म पुन्हा चाळले. ते म्हणाले, "काय चुकलं का माझं? तुमी तर दारातच बसलेल्या असता. कवा काय बोलला न्हाईसा."

खरं होतं. हेपरिन रक्त पातळ ठेवतं, पण आमच्या त्या छापखान्याचा ते वैरी आहे. एन्झाइमचे हात बांधल्यासारखे होतात, प्रती निघत नाहीत, आणि यंत्राला वाटतं रेणूच कमी. आमच्या आलेखातली ती मोकळी जागा हृदयरोगाची नव्हतीच. ती एका भल्या माणसाच्या दयेची होती. त्याच्या दयेवर मी आदल्या दिवशी लिहून ठेवलेल्या फॉर्मचं पांघरूण होतं.

हेपरिन मोडून काढणारं औषध असतं. ते पुण्याहून मागवलं. बुधवारी आलं. उरलेल्या नमुन्यांमध्ये घालून मी यंत्र सुरू केलं आणि समोर बसून राहिले. रेषा एकेक करून वर यायला लागल्या. आधी किड्याच्या आल्या, अगदी एकमेकींवर. मग आमच्या रेणूच्या. दोन ढीग एकमेकांत मिसळले. थोडा फरक उरला, तो खरा की योगायोग, हे आजही आम्हाला माहीत नाही.

त्या कागदावर चाचांचाही ठिपका होता. आता तो रुग्णांच्या मधोमध होता, आणि निरोगी माणसांच्याही मधोमध. त्यावरून काहीच सांगता येत नव्हतं. कधीच येत नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना फोन केला. रुबिनाने उचलला.

"उद्या चाचा साताऱ्याला येणार आहेत ना? टेस्टला?"

"छे! तारीख रद्द केली त्यांनी. तुम्ही सांगितलंत ना, रक्त चांगलं आहे म्हणून. सगळ्या गल्लीला सांगून आलेत. उद्या ते मोठं गेट टेम्पोत चढवायचंय."

"त्यांनी वजन..."

"काय म्हणालात?"

मागे ग्राइंडर चालू होता. "काही नाही," मी म्हणाले. "उद्या बोलते."

फोन ठेवल्यावर मी हातातल्या मोबाइलकडे बघत राहिले. पुन्हा लावायला एक बोट पुरलं असतं. मी लावला नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर याची.

गुरुवारी सर यायच्या आधी मी त्यांच्या दारात उभी होते. दोन्ही आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि हेपरिनचं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"फॉर्मवर तर हाताची शीर लिहिलंय."

"ते मी आदल्या दिवशी लिहून ठेवायचे."

"आणि किड्याचा रकाना? तो कधी पाहिलास?"

"चार महिन्यांपूर्वी. मला वाटलं, माझा हात वाईट आहे."

"मग हात वाईट आहे, असं तरी सांगायचंस!"

रविवारी साताऱ्यातल्या डॉक्टरांसमोर त्यांचं या आलेखावर भाषण होतं. मला वाटलं, आता ते त्याबद्दल बोलतील. मी घाईने चाचांचं सांगून टाकलं. मान हलवल्याचंही.

सर उठले. "जबडा? वजन उचलल्यावर? आणि बसलं की जातो?"

"हो."

त्यांनी चाचांना फोन लावला. तो वाजत राहिला. दुसऱ्यांदाही. "गाडी घे आणि जा. त्याला काही उचलू देऊ नकोस, चालतही पाठवू नकोस, गाडीतून आण. मी इकडे तयारी ठेवतो."

"सर, तुम्ही आलात तर... तुम्ही बोललात तर ते ऐकतील."

"माझ्याकडे बघून त्याने तारीख रद्द केली नाही, अनघा."

साताऱ्याहून रहिमतपूर फार लांब नाही. त्या दिवशी कोरेगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. आधी इंग्रजीत यायची, मराठीत आणली की लंगडी व्हायची. आपल्याला कळविण्यास खेद वाटतो. आपल्या नमुन्याबाबत गैरसमज. ड्रायव्हरनी आरशातून बघितलं. "काय मॅडम, कुणाचं काय कमीजास्त?"

"पटकन चला," एवढंच म्हणाले.

पुढे काय झालं ते इथेच सांगते, कारण शेवटी मला ते सांगायचं नाही. चाचांच्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. तो त्याच दिवशी मोकळा केला. आता जड काम रुबिनाचा नवरा बघतो आणि चाचा स्टुलावर बसून त्याला शिव्या देतात. सरांनी रविवारचं भाषण रद्द केलं नाही. दोन्ही आलेख शेजारी दाखवून ते अर्धा तास बोलले. पवार ब्रदर आता प्रत्येक रुग्णाला आधी "माफ करा हां, ही येक सुई जादा हाय" म्हणतात. मी सगळे रकाने कोरे ठेवून जाते आणि दारात न बसता आत उभी राहते. सांगलीचे सगळे रुग्ण आम्ही पहिल्यापासून पुन्हा जमवतो आहोत. एवढं करून हाती काय लागेल, माहीत नाही.

गाडी वर्कशॉपसमोर थांबली, तेव्हा टेम्पोचं मागचं फळकं उघडं होतं. गेट आडवं जमिनीवर होतं. चार माणसं चार कोपऱ्यांना वाकलेली, त्यातला एक कोपरा चाचांचा. आत ग्राइंडर किंचाळत होता.

"चाचा," मी म्हणाले. कुणालाच ऐकू आलं नाही.

एकाने मला पाहिलं. "चाचा, मॅडम आल्यात. अजून रक्त पायजे असंल."

"घ्या की!" चाचा वाकलेलेच हसले. "चांगल्यातलं रक्त हाय आपलं. हां, एकदम उचला रं. एक, दोन..."

मी पुढे गेले आणि गेटाच्या गजावर चक्क पाय ठेवला. माझा आवाज इतका मोठा असू शकतो, हे मला माहीत नव्हतं. आतला ग्राइंडरसुद्धा बंद झाला.

"चाचा, हात काढा त्यावरचा! मला काही माहीत नव्हतं आणि मी मान हलवली. तुमचं रक्त चांगल्यात की वाईटात, हे आमच्यातल्या कुणालाच कळलेलं नाही. चूक आमची आहे. तो जबडा दातामुळे दुखत नाही, काळजामुळे दुखत असेल. आत्ता, असेच, गाडीत बसा!"